फटाके वाजवून पिल्लू धीट होत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या सदरात शिकारी जातीच्या कुत्र्यांवर आलेला लेख वाचला. सोबतचा फोटो झकास होता. गुडघाभर गवतात एक पुढचा पाय उचलून, शेपूट ताठ करून उभा असलेला पॉइंटर. मजकुरातल्या दोन गोष्टी मात्र दिवाळी तोंडावर असताना तशाच सोडून देणं बरं नाही. पहिली अशी की, पॉइंटरच्या पिल्लाला उपाशी ठेवून आणि छडीच्या धाकानं 'पॉइंट' करायला, म्हणजे पक्ष्याचा वास लागताच जागीच खिळून उभं राहायला, शिकवतात. दुसरी जास्त घातक. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की त्याच्या जेवणाच्या वेळी जवळच लवंगी वाजवायच्या, मग हळूहळू सुतळी बॉम्बपर्यंत जायचं, म्हणजे 'कान तयार होतो' आणि पुढं बंदुकीलाही कुत्रं बिचकत नाही, असा सल्ला लेखात छापला आहे.

माझ्या पुतण्यानं त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली विचारलं, "काका, लवंगीची माळ आणून ठेवू का?" त्यानं पुण्याजवळ वाकडला फ्लॅटमध्ये जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचं पिल्लू आणलंय. त्याला फोनवर जे सांगितलं ते इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा कराडचा. मोटारींच्या कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवण्याचं काम करत गेली कित्येक वर्षं अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. इथं आल्यावर कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फोरमननं मला रानात शिकारीला नेलं आणि इंग्लिश सेटर जातीच्या कुत्र्यांचा नाद लावला. सेटर हीदेखील पॉइंट करणारीच जात, फक्त अंगावर केस लांब. सध्या घरी ठमी आहे, पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांची, नुकतीच दुसऱ्या वर्षात आलेली. कराडला फोन केला की आई ठमीची खुशाली विचारते. रविवारी काय शिजवलं हे मात्र कधी विचारत नाही. तिनं तेवढा समेट स्वतःशी केलेला आहे.

शिकार म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि पडाव्यातही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकारीला बंदी आली आणि ती राहावी असंच माझं मत आहे. आजोबांच्या तोंडून कृष्णाकाठच्या ज्वारीच्या रानातल्या तित्तरांच्या आणि लाव्यांच्या गोष्टी ऐकल्यात. आता गावी गेलो की तित्तराची साद कानावर पडायला नशीब लागतं. मिशिगनची व्यवस्था वेगळी आहे. इथं परवाना लागतो, हंगाम ठरलेला, अंगावर भगव्या रंगाची टोपी किंवा जाकीट सक्तीचं, आणि दिवसाला किती पक्षी मारायचे तेही बांधून दिलेलं. वुडकॉक नावाचे रानपक्षी तीनच. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ सालच्या कायद्यानं जो केंद्राचा कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडं जातो. कुणाला हे पटेल, कुणाला पटणार नाही. शिकारीची वकिली करायला मी बसलेलो नाही, पिल्लाच्या कानाबद्दल बोलायचं आहे.

आधी छडीचं. पॉइंट शिकवता येत नाही. तो रक्तातच यावा लागतो. भक्ष्यावर झेप घेण्याआधी कुठलंही शिकारी जनावर क्षणभर थबकतं. चिमणीपुढं दबा धरलेलं मांजर आपण सगळ्यांनी पाहिलंय. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करकरून कुत्र्याचा तो क्षण लांबवला. युरोपात बंदुका नव्हत्या तेव्हासुद्धा सेटर पक्ष्यांपुढं दबून बसायचे आणि माणसं कुत्र्याच्या अंगावरून पुढं जाळं ओढून पक्षी धरायची. एवढ्या जुन्या गोष्टीला छडी कशाला लागते? ठमी आठ आठवड्यांची घरी आली. मासे धरायच्या काठीला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला वुडकॉकचा एक वाळलेला पंख, आणि अंगणातल्या हिरवळीवर तो सोडला. दोनदा ती त्याच्यामागं धावली, पंख निसटला. तिसऱ्यांदा पंख गवतात पडल्यावर ती जागीच थिजली. डावा पाय वर, तो थरथरतोय, लाळेची तार हनुवटीवरून खाली आलीय आणि कुणी हाक मारली तर कान हलत नाही. ते पाहून बायको म्हणाली, "हिला कुणी सांगितलं हे?"

हा पंखाचा खेळ दोन-चार वेळा करायचा आणि काठी माळ्यावर टाकायची. लोक त्याचे व्हिडिओ काढत महिनोन्‌महिने खेळत बसतात. तिथं पिल्लू डोळ्यानं शिकार करायला लागतं, आणि आम्हाला हवं असतं नाक. रानात पक्षी दिसत नाही, त्याचा वास येतो.

उपाशी ठेवण्याचा तर इथं संबंधच नाही. या कामात कुत्र्याला खाऊसुद्धा फारसा द्यावा लागत नाही. त्याचं बक्षीस एकच, पक्षी. सुरुवातीचे महिने नुसतं हिंडवायचं. उंच गवत, ओढा, चिखल, काटेरी झुडपं, वारा. गळ्यात पट्टा आणि त्याला वीस-पंचवीस फुटांची जरा कडक दोरी. मऊ दोरी गवतात गाठी मारते. दोरी ओढायची नसते, मागं घसटत येऊ द्यायची. हाक मारली की वळायला शिकवायचं ते याच दिवसांत, आणि हाक एकदाच मारायची. पन्नास वेळा "ये ये" करणाऱ्या माणसाकडं कुत्रं का म्हणून बघेल?

मग कबुतरं. हा भाग मला सगळ्यात आवडतो. एक लोखंडी जाळीची, स्प्रिंगची पेटी असते, तिला इथं लाँचर म्हणतात. तिच्यात पाळीव घरपरतं कबूतर बसवायचं आणि पेटी गवतात झाकायची. रिमोटचं बटण दाबलं की झाकण उघडतं आणि कबूतर वर फेकलं जाऊन उडून जातं. उडालं की ते आपापल्या खुराड्यात, माणूस गाडीतून घरी पोचायच्या आत. खरी कसब वाऱ्यात आहे. पिल्लाला वाऱ्याच्या आडवं आणायचं, म्हणजे चालता चालता एका पावलावर वास नाही आणि पुढच्या पावलावर नाकाला एकदम धडक, असं होतं. मग डोकं आधी फिरतं आणि धड मागाहून वळतं. वारा पाठीवर घेऊन आणलंत तर पिल्लाला वास येतच नाही, ते थेट पेटीवर जाऊन उभं राहतं, तोंडापुढं स्प्रिंग खाडकन् उघडते आणि त्या दिवसापासून ते कबुतराच्या वासाला टाळायला लागतं.

वास लागल्यावर पिल्लू थांबलं तर काहीच करायचं नाही. बोलायचं नाही, जवळ जाऊन पाठ थोपटायची नाही. उभं राहू द्यायचं. धीर सुटून ते एक पाऊल पुढं सरकलं की बटण! कबूतर गेलं. पिल्लू त्याच्यामागं रान तुडवत धावतं, जीभ काढत परत येतं. पळू द्यायचं त्याला. दहा-बारा पक्षी असे निसटले की त्याच्या डोक्यात आपोआप बसतं, की सरकलो तर पक्षी जातो, उभा राहिलो तर तो राहतो. हे त्याला पक्ष्यानं शिकवलेलं असतं, मालकाचा हात त्यात दिसत नाही. म्हणून ते टिकतं. एखादा लुळा पक्षी त्याच्या तोंडी लागला की मात्र बरंच मागं जावं लागतं, कारण पुढच्या वेळी ते पकडायलाच जातं. माझा फोरमन म्हणायचा, पक्षी विकत घेताना कंजूषपणा करशील तर कुत्रा महागात पडेल.

इथं छडी आली तर काय होतं ते या नादातल्या कुणालाही विचारा. पक्ष्याच्या जवळ असताना कुत्र्याला मार बसला, किंवा गळ्यातल्या विजेच्या पट्ट्याचा झटका बसला, तर ते दुखणं पक्ष्याच्या नावावर जमा होतं. मग कुत्रं पक्षी हुंगतं, ओळखतं आणि तोंड फिरवून, जणू काहीच नव्हतं असं दाखवत, निघून जातं. चांगल्या रक्ताची कुत्री अशी वाया गेलेली मी पाहिली आहेत. विजेचा पट्टा मीही वापरतो, पण रस्त्यावर हरणामागं धावणाऱ्या कुत्र्याला परत फिरवण्यासाठी, आणि तेही हाकेचा अर्थ त्याला पक्का कळल्यानंतर.

'थांब' हा हुकूम वेगळा शिकवतात, आणि तो पक्ष्यांपासून लांब, घरामागं. ठमीला मी मराठीतच 'थांब' शिकवलंय. चारी पायांवर नीट उभी करायची, हात काढून घ्यायचे, हलली की न रागावता उचलून परत त्याच जागी ठेवायची. कंटाळवाणं काम आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ती चेंडू समोरून गेला तरी उभी राहायला लागली, तेव्हा कुठं तो शब्द रानात न्यायचा. पहिल्या हंगामात मी तो जवळजवळ वापरलाच नाही. पहिलं वर्ष कुत्र्याला वेड लागण्यासाठी असतं. शिस्त दुसऱ्या वर्षी.

आणि आता बंदूक. लेखात जी गोष्ट सगळ्यात आधी करायला सांगितली आहे ती इथं इतक्या उशिरा येते, हेच मला सांगायचं आहे. पिल्लू पक्ष्यासाठी वेडं झाल्याशिवाय त्याच्या आसपास एकही बार काढायचा नाही. वयाला महत्त्व नाही. एखादं सहाव्या महिन्यात तयार होतं, एखादं दहाव्यात.

रीत अशी. मैदान मोकळं, पिल्लाबरोबर मी. मदतनीस ऐंशी-शंभर यार्डांवर उभा. त्याच्या हातात पॉइंट टू टू बोअरचं, नुसता आवाज करणारं पिस्तूल; गोळी नाही. कबूतर उडालं, पिल्लू पाठोपाठ सुटलं, चौखूर धावत असताना, तोंड पक्ष्याकडं असताना, मी हात वर करतो आणि मदतनीस कुत्र्याकडं पाठ करून एकच बार काढतो. त्या क्षणी मी पक्ष्याकडं बघत नाही, पिस्तुलाकडं बघत नाही. पिल्लाचा कान आणि शेपूट, एवढंच बघतो. कान मागं गेला का? शेपटीचा वेग पडला का? पाऊल चुकलं का? काहीही झालं नाही तर पुढच्या खेपेला मदतनीस थोडा जवळ. एवढासा जरी संशय आला तरी त्या दिवसाचा खेळ खलास, पिस्तूल कपाटात, आणि पुढचे काही आठवडे फक्त पक्षी. पिस्तुलानंतर वीस बोअरची हलकी काडतुसं, पुन्हा लांबूनच सुरुवात. मग जास्त मोठ्या आवाजाची बाराबोअर. माझ्या ठमीला पहिल्या आवाजाची खबरच लागली नाही; कबूतर झाडांपलीकडं गेल्यावरच ती थांबली.

कुत्र्याच्या मनात बार झाला की पक्षी पडतो अशी जोडी जमली की त्याला बंदुकीचा आवाज हवाहवासा होतो. नुसती बंदूक कपाटातून काढली तरी ठमी दारात नाचते. हेच फटाका वाजवून साधायला गेलात तर जोडी कुठली जमणार? जेवणाच्या थाळीची. पिल्लू खाली मान घालून खातंय, पाठीमागं भिंत आहे, पळायला वाट नाही आणि डोक्याशी धडाका. चार दिवसांत ते थाळीजवळ यायचं बंद होतं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वरचं. फटाक्याच्या आवाजाला आपल्या नियमात चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. थाळीपासून हातभर अंतरावर काय होत असेल ते वाचकांनीच ठरवावं.

'सवयीनं भीती मोडते' हे त्या सल्ल्यामागचं गृहीतक. छोट्या, निरुपद्रवी आवाजाच्या बाबतीत ते खरंही आहे. कुकरच्या शिट्टीला कुठलंही घरातलं कुत्रं दुसऱ्या आठवड्यात सरावतं. पण ज्या आवाजानं पिल्लू एकदा खरंच घाबरलं, तो परत परत ऐकवून भीती कमी होत नाही, वाढते. ठेचाळलेल्या अंगठ्याला पुन्हा ठेच लागावी तसं. मग ती भीती पसरत जाते. आधी फटाका, मग ढगांचा गडगडाट, मग दार आपटलं तरी पलंगाखाली. आमच्याकडं दरवर्षी असं एखादं कुत्रं शिकारी कुत्र्यांच्या क्लबात येतं. मालक सांगतो, घाबरतं का बघायला नेमबाजीच्या रेंजवर नेलं होतं. झालं! तिथं बाराबोअरच्या फैरीवर फैरी, दीडशे डेसिबलच्या आसपासचा आवाज, आणि नजरेत एक पक्षी नाही. जन्मतः आवाजाला हळवी असलेली कुत्री असतात, नाही असं नाही, आणि म्हणून पिल्लू घेताना आई-बाप बघावेत. पण मी पाहिलेली बंदुकीला भ्यालेली बहुतेक कुत्री माणसानं बनवलेली होती. ती सुधारायला वर्ष जातं, आणि कित्येक सुधारत नाहीत.

उत्तर अमेरिकेत शिकारी कुत्र्यांची एक मोठी संस्था आहे, नॅव्हडा या लघुनावानं ओळखली जाते, १९६९ पासूनची. सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी तिची एक उपजत गुणांची परीक्षा असते. नाक, शोध, पाण्याची आवड, पॉइंट, माणसाशी सहकार्य असं सगळं त्यात तपासतात. तिथं बंदुकीचीही चाचणी आहे, पण कशी? पिल्लू मैदानात आपल्या नादात हुंगत फिरत असताना नुसत्या आवाजाचे दोन बार काढतात आणि त्याचं काम चालू राहतं का ते बघतात. बस्स.

पहिल्या हंगामात माझ्या गटात मी एकालाच बंदूक चालवू देतो, आणि तीही कुत्र्यानं नीट पॉइंट केलेल्या पक्ष्यावरच. ऑक्टोबरात मिशिगनच्या वरच्या भागात अ‍ॅस्पेनची कोवळी राई पिवळी पडलेली असते. ठमीच्या गळ्यात पितळी घंटी बांधतो. झाडी इतकी दाट की कुत्री दिसत नाही, घंटी तेवढी ऐकू येते. घंटी थांबली की समजायचं. मग आपण शोधत जायचं, आणि पाठीमागून नाही, बाजूनं, तिला दिसेल असं. नव्या कुत्र्याला वुडकॉक हा पक्षी फार सोयीचा. पाव किलोसुद्धा भरत नाही, लांब चोचीनं चिखलातली गांडुळं खातो आणि स्वतःच्या रंगावर इतका विसंबून असतो की कुत्रं दोन हातांवर आलं तरी बसून राहतो. रफ्ड ग्राउस तसा नाही. अर्धा-पाऊण किलोचा, कोंबडीच्या जातीतला पण महाधूर्त. कुत्रं एक पाऊल जास्त आलं की फडाड करून झाडाआड. किती लांब उभं राहायचं हे कुत्र्याला ग्राउसच शिकवतो, आणि फी भरपूर घेतो. मिळालाच तर बायको त्याचा कांदा-लसूण मसाल्यात रस्सा करते. वुडकॉकचं मांस काळं, काळजाच्या चवीचं; ते तिला आवडत नाही, ते मी एकटाच तव्यावर परतून खातो.

याच कुत्र्यांचं एक बिनबंदुकीचं काम आहे, ते महाराष्ट्रातल्या वाचकांना जास्त रुचेल. मिशिगनमध्ये १६ एप्रिल ते ७ जुलै रानातल्या पक्ष्यांवर कुत्री सोडायला मनाई आहे, कारण पक्षी अंडी-पिल्लांवर असतात. अपवाद अभ्यासासाठी वुडकॉकच्या पिल्लांच्या पायात कडी घालणाऱ्या परवानाधारकांचा. माझा एक मित्र ते करतो, मी जाळं धरायला जातो. त्याची म्हातारी सेटर पॉइंट करते आणि खिळल्यासारखी राहते. मादी पाय लोंबकळवत, जड जड उडत, जखमी असल्याचं सोंग करून आम्हाला लांब न्यायला बघते. पिल्लं तिथंच असतात, बहुधा चार, वाळक्या पानांवर पाचोळ्याच्याच रंगाची, पापणीही न हलवता. पाऊल कुठं टाकायचं ते पाचोळा बघून ठरवावं लागतं. एकेक उचलून चोच मोजतात. अंड्यातून निघताना चोच साधारण चौदा मिलिमीटर असते आणि रोज दोन मिलिमीटर वाढते. तीस भरली तर पिल्लू आठ दिवसांचं. सगळं आटपून आम्ही मागं सरेपर्यंत कुत्रीनं जागा सोडायची नसते. ठमी या कामाला अजून कच्ची आहे. दुरून विमान गेलं, ढग गडगडला, फांदी मोडली, तरी जी हलत नाही तिलाच तिथं नेतात. लवंग्यांवर वाढवलेलं कुत्रं तिथं काय कामाचं?

पुतण्याला सांगितलं ते असं. त्याच्या पिल्लाला बंदूक कधीच ऐकायची नाही, पण दिवाळी दरवर्षी ऐकायची आहे. त्यामुळं या वर्षी माळ आणायची नाही. फटाक्यांच्या आठ दिवसांत नवं पिल्लू कुणीच घरी आणू नये. आधीच आणलं असेल तर घरातली आतली खोली, म्हणजे रस्त्यापासून लांबची, त्याची करावी. खिडक्या-पडदे लावून पंखा आणि टीव्ही चालू. फिरवून आणायचं ते ऊन उतरायच्या आत, पट्टा आणि साखळी दोन्ही तपासून. घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून डोकं काढून पळतं. गळ्यात फोन नंबर हवा. ते जवळ येऊन चिकटलं तर जवळ घ्यावं. कुशीत घेतल्यानं भीतीची सवय लागते हा गैरसमज आहे. गेल्या दिवाळीत ज्यांचं कुत्रं थरथरलं किंवा जेवलं नाही, त्यांनी पशुवैद्यांकडं आत्ताच जावं, नरकचतुर्दशीच्या पहाटे नाही. आणि नुसतं गुंगीचं औषध मागू नये. काही औषधांनी अंग लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते. आपल्याला वाटतं कुत्रं शांत झोपलंय. आमच्याकडं चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आतषबाजी होते, तेव्हा मी ठमीला घेऊन तळघरात जुने क्रिकेटचे सामने मोठ्या आवाजात लावून बसतो. पक्ष्यांच्या मागं बाराबोअर ऐकून नाचणारी कुत्रीसुद्धा अंधारातून विनाकारण येणारा आवाज सहन करेलच असं धरून चालू नये.

वाकडच्या पॉइंटरचं मात्र खरं दुखणं वेगळंच होणार आहे, तेही सांगून ठेवलं. या जातीला रोज पळायला लागतं, आणि त्याहून जास्त नाकाला काम लागतं. सोसायटीत दोन फेऱ्या मारून ते भागत नाही. सोफा फाडला की माझ्याकडं तक्रार करायची नाही. त्याला जुना हातमोजा घरात लपवून हुडकायला लावायला सांगितलंय. टेकडीच्या पायथ्याशी दोरीवर गवत हुंगू दिलं तरी ते चांगलं दमतं. टेकडीवर साखळी सोडायची नाही, उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तर मुळीच नाही. टिटवी, तित्तर जमिनीवर अंडी घालतात आणि याच्या नाकाला ती लगेच सापडतील. लेखात या जातीचं 'फ्लॅटसाठी उत्तम' असं वर्णन आहे. ते कुणी लिहिलं, आणि त्यानं कधी ती कुत्री पाळली होती का, हे कळलं तर बरं होईल.

आपल्याला विनंती एवढीच, की येत्या रविवारीच त्याच सदरात, त्याच ठळकपणे, फटाक्यांचा सल्ला मागं घेतल्याचं छापावं. त्याच्याबरोबर एखाद्या पशुवैद्यांकडून दिवाळीतल्या औषधांबद्दल आणि आपल्या शहरात रात्री उघडे असणारे दवाखाने कुठले याबद्दल चौकट घ्यावी. दिवाळीनंतरच्या अंकात तिचा कुणाला उपयोग नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
ट्रॉय, मिशिगन (मूळ गाव कराड)
(नाव प्रसिद्ध करू नये)